मी सांगेन तेवढी डिस्क

माणसाची खरी योग्यता त्याला 'टाइप ४७' म्हणजे काय हे ठाऊक आहे की नाही यावरून ठरवावी, असं माझं मत आहे. या मताला सध्या माझ्याखेरीज कोणाचाही पाठिंबा नाही, पण विद्वानांच्या बाबतीत हे चालायचंच. आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांना चहा येईपर्यंत टाइप ४७ ऐकावा लागतो. चहाला उशीर झाला तर सिलिंडर, हेड आणि सेक्टरही ऐकावे लागतात. हल्ली बेल वाजली की बायको आधी गॅस पेटवते आणि मग दार उघडते, असा मला दाट संशय आहे.

सध्याचं निमित्त म्हणजे आमच्या जुन्या ३८६ कॉम्प्युटरची हार्ड डिस्क गेली. आधी ती सुरू होताना करकरायची, मग नुसती टकटक करू लागली आणि एके दिवशी तेही थांबलं. मुलगा म्हणाला, "बाबा, तुमच्या लॅपटॉपवर डॉसबॉक्स टाकून देतो. अख्खा ३८६ एका फोल्डरमध्ये मावेल." त्याचं बरोबर होतं. त्याचं नेहमीच बरोबर असतं, हीच माझी त्याच्याबद्दलची मुख्य तक्रार आहे. पण फोल्डरमध्ये मावणाऱ्या कॉम्प्युटरचं झाकण उघडता येत नाही, आणि ज्याचं झाकण उघडता येत नाही त्याच्यासमोर हातात स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसता येत नाही. हातात स्क्रू ड्रायव्हर नसलेला म्हातारा घरात नुसताच बसलेला दिसतो. स्क्रू ड्रायव्हर असला की तो कामात असतो.

माझ्या या गर्वाला इतिहास आहे. नोकरीत मी ईडीपी विभागात होतो. ईडीपी म्हणजे ज्या खोलीत शिरताना मोठ्या साहेबांनाही बूट बाहेर काढावे लागत, ती खोली. धूळ आत जाऊ नये हे अधिकृत कारण. पण ज्या गृहस्थांनी आपली रजा नामंजूर केली ते आपल्यासमोर नुसत्या मोज्यांवर उभे आहेत आणि डाव्या मोज्यातून अंगठा बाहेर आला आहे, या दृश्याचं सुख कोणत्याही वेतन आयोगाने हिशेबात धरलेलं नव्हतं.

त्या काळी आमच्याकडे सीगेटची एसटी-२२५ असायची. २० एमबी. ६१५ सिलिंडर, ४ हेड, १७ सेक्टर. आयबीएमच्या एटी कॉम्प्युटरात बसवली तर सेटअपच्या यादीतला टाइप २. एक्सटीत बसवली तर डीबग उघडून 'जी=सी८००:५' टाइप करायचं, म्हणजे कंट्रोलर कार्डातला प्रोग्राम जागा होऊन लो-लेव्हल फॉरमॅट करायचा. ही अक्षरं मी वहीत न बघता टाइप करू लागलो की मागे उभे असलेले कारकून श्वास रोखून धरत. ती डिस्क स्वतःचं हेड स्वतः पार्क करत नसे. टेबल हलवायच्या आधी पार्क नावाचा प्रोग्राम चालवावा लागे, नाहीतर हेड तबकडीवर घासायचं. त्यामुळे "हेड पार्क केलंत का?" असं कोणालाही, अगदी साहेबांनाही, दरडावून विचारायचा अधिकार मला होता. माझ्या निरोपसमारंभात दोन वक्ते बोलले. दोघांनाही माझ्याबद्दल एवढं एकच आठवलं.

तर नवी, म्हणजे नवी जुनी, डिस्क हवी होती. पुण्यात बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो. तिथे नळाच्या तोट्या, घड्याळांचे लंबक आणि कोणाच्या तरी लग्नाची फ्रेम यांच्या शेजारी मला एक ८५० एमबीची आयडीई डिस्क दिसली. "चालू आहे का?" असं विचारल्यावर विक्रेता म्हणाला, "काका, वरून तर एकदम झकास आहे." मग मी त्याला लेबल वाचून दाखवलं. सिलिंडर किती, हेड किती, हे आकडे मूळचे कुठून आले, १९५६ साली आयबीएमच्या पहिल्या डिस्कमध्ये २४ इंची ५० तबकड्या कशा होत्या आणि त्या सगळ्या मिळून ५० लाख अक्षरं कशी मावत, हे सगळं सांगितलं. माझं निरूपण संपेपर्यंत त्याने ती डिस्क तराजूत टाकलेली होती. त्याच्या दृष्टीने ८५० एमबी म्हणजे अर्धा किलोच्या आसपास.

घरी आल्यावर पहिलं काम जंपर. डिस्कच्या पाठीमागे सुयांच्या जोड्या उभ्या असतात. कोणत्या जोडीवर काळं टोपण घालायचं त्यावरून डिस्क मास्टर आहे, स्लेव्ह आहे की केबल सिलेक्ट, हे ठरतं. दोन सुयांमधलं अंतर अडीच मिलिमीटर. माझ्या चष्म्याचा नंबर सांगण्यात अर्थ नाही. बायकोचा भुवयांचा चिमटा घेऊन मी ते टोपण उचकटलं आणि ते उडालं. आमच्या घरात मोझेकच्या फरश्या आहेत, पांढऱ्यावर काळे ठिपके. त्यातले काळे ठिपके साधारण जंपरच्याच मापाचे आहेत. त्या काळच्या कंत्राटदाराची ही दूरदृष्टी म्हणायची.

मी टॉर्च घेऊन पोटावर आडवा झालो आणि एकेका ठिपक्याला नखाने टोकरून पाहू लागलो. तेवढ्यात कामाच्या मावशी आल्या. त्यांनी आधी आत वर्दी दिली, "वहिनी, काका पडलेत." मी पडलेलो नसून संशोधन करतो आहे हे दोघींना पटवण्यात बराच वेळ गेला. मग मावशींनी निमूटपणे केर काढला, सुपली भरली आणि तिच्यातून दोन बोटांनी जंपर उचलून विचारलं, "हे तुमचं का?"

इथे जाणकार वाचक हसतील, कारण काही डिस्क एकट्याच बसवायच्या असल्या की त्यांना जंपर लागतच नाही. ही त्यातलीच होती. ते मला अर्थातच ठाऊक होतं. जंपर मला लावायचा नव्हता, जपून ठेवायचा होता. बायको म्हणाली, "म्हणजे जे नकोय ते सापडावं म्हणून तुम्ही फरशीवर झोपला होतात?" तांत्रिक बाबी अशा भाषेत मांडल्या की त्यांची सगळी शान जाते.

रिबन केबलची लाल कड पॉवरकडे, म्हणजे एक नंबरची सुई बरोबर येते. मोलेक्स घट्ट बसला की डिस्कमधून एक बारीक शीळ ऐकू येते, ती हळूहळू चढते आणि एका सुरावर स्थिर होते. हा आवाज ऐकला की मला पस्तिशीत गेल्यासारखं वाटतं. मॉनिटरवर मेमरी मोजली जाते, डेल दाबा म्हणजे सेटअप उघडेल असं मशीन अदबीने सुचवतं आणि आपण डेल दाबतो. इथून पुढे मी राजा.

आता टाइप ४७. तरुण वाचकांना सांगायला हवं की त्या मशीनला आपल्या पोटात कोणती डिस्क आहे हे स्वतःहून कळत नसे. ते आपण सांगायचं. १९८४ साली आयबीएमचा एटी आला तेव्हा त्याच्या यादीत १४ प्रकारच्या डिस्क होत्या. आपली डिस्क त्यातली कोणती ते ओळखून आकडा भरायचा. पुढे यादी वाढत गेली आणि आमच्या ३८६ च्या बायोसमध्ये ४६ वर थांबली. हे ४६ प्रकार म्हणजे रेडिमेड शर्टांची मापं. अंगाला येईल ते घ्यायचं, बाही आखूड पडली तर दुमडून घ्यायची. पण शेवटी शिंप्याची सोय होती. टाइप ४७ निवडला की समोर रिकाम्या चौकटी यायच्या आणि मशीन विचारायचं: सिलिंडर किती? हेड किती? सेक्टर किती? राइट प्रीकॉम्प कुठून? लँडिंग झोन कुठे? शेवटच्या दोन प्रश्नांशी आयडीई डिस्कला काही देणंघेणं नसतं, तिथे शून्य भरलं तरी चालतं. पण मी तिथेही थोडा विचार केल्यासारखं करतो. कोणी विचारलं आहे तर लगेच 'शून्य' म्हणणं बरं दिसत नाही.

डिस्कच्या लेबलवर १६४७ सिलिंडर, १६ हेड आणि ६३ सेक्टर असं छापलेलं होतं. गुणाकार करून एका सेक्टरचे ५१२ बाइट धरले की ८५ कोटी बाइट होतात. हिशेब चोख. यात खरं किती? एक इंच उंचीच्या त्या डब्यात १६ हेड मावणं शक्यच नाही, आत फार तर दोन-तीन तबकड्या असणार. प्रत्येक ट्रॅकवर सेक्टरही सारखे नसतात. बाहेरच्या लांब ट्रॅकवर जास्त बसवलेले असतात, आतल्यावर कमी. थोडक्यात, लेबलवरच्या आकड्यांचा आतल्या वस्तुस्थितीशी काही संबंध नाही. डिस्क बायोसला खोटं सांगते, बायोस ते डॉसला सांगतं, डॉस मला सांगतं आणि मी पाहुण्यांना. कोणाचंही काही अडत नाही.

अडतं ते दुसरीकडे. बायोसचा नियम असा की सिलिंडर १०२४ पर्यंत, हेड २५६ पर्यंत, सेक्टर ६३ पर्यंत. आयडीईचा नियम असा की सिलिंडर ६५,५३६ पर्यंत, हेड १६ पर्यंत, सेक्टर २५५ पर्यंत. नियम दोघांनीही एकमेकांना न विचारता केलेले. त्यामुळे प्रत्येक रकान्यात दोघांपैकी जो कंजूष असेल त्याचं चालतं. मग उरतात १०२४ सिलिंडर, १६ हेड, ६३ सेक्टर, म्हणजे ५०४ एमबी. एकटं बायोस ८ जीबीला ना म्हणत नव्हतं आणि एकटी आयडीई १३० जीबीच्याही पुढे जायला तयार होती. दोघं एकत्र आले आणि अर्ध्या जीबीत अडकले. एका सहीसाठी दोन खात्यांमधून ज्याने फाइल फिरवली आहे त्याला यात नवल वाटणार नाही.

म्हणजे माझ्या ८५० मधले ३०० च्या वर एमबी असून नसल्यासारखे. बायको म्हणाली, "मग तेवढे पैसे परत मागा की त्याच्याकडून." मशीनच्या सुरुवातीलाच एक खास प्रोग्राम बसवून ही जागा मिळवता येते. मी तो बसवत नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे. तत्त्व कोणतं, ते अजून ठरायचं आहे.

पुढची पायरी एफडिस्क. पण पार्टिशन पाडायच्या आधी मी 'एफडिस्क /एमबीआर' चालवतोच. परक्या डिस्कच्या पहिल्याच सेक्टरमध्ये कोण दडून बसलं असेल सांगता येत नाही. ही आज्ञा त्या सेक्टरमधला बूट होण्याचा प्रोग्राम नव्याने लिहिते. डॉस ५ मध्ये ही सोय गुपचूप आलेली होती. मॅन्युअलमध्ये तिचा उल्लेख नव्हता, एका जाणत्याने दुसऱ्याच्या कानात सांगायची. माझ्या कानापर्यंत ती आली ती जोशांमुळे, आणि आता जोशांबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

जोशी हा व्हायरस होता. १९९० साली तो भारतात सापडला. फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये आणि हार्ड डिस्कच्या पार्टिशन टेबलमध्ये तो घर करायचा. कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबून मशीन पुन्हा सुरू केलं तरी हा मेमरीत तसाच बसलेला. त्याला घालवायचं तर मशीनची वीज बंद करायची आणि खाचेवर चिकटपट्टी लावलेल्या स्वच्छ फ्लॉपीवरून सुरुवात करायची. वर्षभर तो फारसं काही बोलायचा नाही. ५ जानेवारीला मात्र मशीन मध्येच थांबायचं आणि स्क्रीनवर इंग्रजीत मजकूर यायचा की 'हॅपी बर्थडे जोशी' असं टाइप करा. केलं की मशीन सुटायचं. नाही केलं तर बसा.

जगभरच्या व्हायरसांच्या इतिहासात इतकी साधी मागणी क्वचितच कोणी केली असेल. ६ मार्चला, मायकेलअँजेलोच्या वाढदिवशी, जागा होणारा एक व्हायरस होता. तो डिस्कच्या सुरुवातीच्या भागावर कचरा लिहून टाकायचा. १९९२ साली त्याच्या भीतीने जगभर पळापळ झाली होती. वाढदिवस इटालियन, वागणूक अशी. आणि आमचा जोशी बघा. ना नासधूस, ना खंडणी. "आज माझा वाढदिवस आहे, तेवढं म्हणा आणि कामाला लागा." ही अपेक्षा सभ्य मध्यमवर्गीयच करू शकतो. माझी बायको माहेरची जोशी आहे. तिचं म्हणणं असं की हा माणूस घरात दोन-तीनदा आडून आडून सुचवून थकला असणार, कोणाच्या लक्षातच आलं नसणार, मग त्याने असेंब्ली लँग्वेजचा मार्ग धरला.

दुसरं उदाहरण लाहोरचं. १९८६ सालच्या ब्रेन या व्हायरसमध्ये बासित आणि अमजद फारूक अल्वी या भावांनी आपली नावं, दुकानाचा पत्ता आणि फोन नंबर लिहून ठेवले होते. गुन्ह्याच्या जागी व्हिजिटिंग कार्ड. आमच्या माणसाने काय ठेवलं? आडनाव. नुसतं जोशी. पुण्यात एखाद्याचा माग काढायचा असेल आणि 'जोशी' एवढाच धागा हाती असेल, तर तपास अधिकाऱ्याने सरळ बदली मागावी. "कुठले जोशी?" हा इथला पहिला प्रश्न, आणि नेमकं त्याचं उत्तर व्हायरसमध्ये नव्हतं.

आमच्या ऑफिसात जोशी बरेच होते आणि ५ जानेवारीला सगळे संशयित. लेखा विभागातले जोशी अत्यंत सज्जन, फ्लॉपीला हात लावायच्या आधी टेबलावरच्या गणपतीला नमस्कार करणारे. त्यांचा खरा वाढदिवस श्रावणात. पण दरवर्षी ५ जानेवारीला निदान दहा माणसं येऊन त्यांना शुभेच्छा द्यायची. आधी ते चिडायचे, मग खुलासा करायचे. शेवटी एका वर्षी त्यांनी कंटाळून पेढेच आणले. पेढे वाटताना मी त्यांच्याकडे पाहत होतो. माणूस चक्क खूश दिसत होता. श्रावणातल्या वाढदिवशी त्यांच्या टेबलाकडे कोणी फिरकत नसे.

दुसरी मौज स्पेलिंगची. मजकूर अचूक टाइप करावा लागे. आमचे एक वरिष्ठ 'बर्थ' आणि 'डे' यांच्यामध्ये जागा सोडायचे, कारण त्यांच्या शाळेत तसं शिकवलं होतं. ते टाइप करत, मशीन ढिम्म. पुन्हा टाइप करत, पुन्हा ढिम्म. अखेर त्यांनी मला बोलावलं आणि बूट बाहेर न काढता, कारण हे त्यांचं स्वतःचं केबिन होतं, मला म्हणाले, "या जोशाला जरा इंग्रजी शिकवा." मी ती जागा काढली, एंटर दाबलं, आणि त्यांच्या महत्त्वाच्या पत्रावरचा कर्सर पुन्हा लुकलुकू लागला. त्या दिवशी मी कॅन्टीनमध्ये ज्या चालीने गेलो ती चाल मला नंतर कधी जमली नाही.

लग्नानंतर मी एकदा सासऱ्यांनाही ५ जानेवारीला फोन करून शुभेच्छा दिल्या. ते शांतपणे म्हणाले, "माझा वाढदिवस वैशाखात असतो. तुमची तब्येत बरी आहे ना?"

तर जोशांना वंदन करून एफडिस्क. पार्टिशन पाडलं, ते ॲक्टिव्ह केलं, मशीन पुन्हा सुरू केलं आणि फॉरमॅट मारलं. 'या डिस्कवरचं सगळं नष्ट होईल, पुढे जाऊ का?' असं फॉरमॅट विचारतं आणि आपण 'वाय' म्हणेपर्यंत थांबून राहतं. मग टक्केवारी एकेकाने चढत जाते. त्या काळात आम्ही या टक्केवारीकडे सामन्याच्या धावफलकासारखं पाहत बसायचो. शेवटी काळ्या पडद्यावर सी, दोन टिंबं, तिरकी रेघ, बाण. झालं.

वाचकांना वाटेल की आता हा माणूस सुखी झाला असेल. झालोही होतो. पण दुसऱ्या दिवशी मशीन सुरू केलं तर ते सगळं विसरलेलं. डिस्क नाही, सिलिंडर नाहीत, काही नाही. याचं कारण बॅटरी. ३८६ च्या मदरबोर्डवर ३.६ व्होल्टची एक रिचार्जेबल बॅटरी डाखलेली असते. म्हातारपणी ती गळते आणि हिरवट क्षार पसरून बोर्डावरच्या तारा खाते. म्हणून ती मी केव्हाच कापून काढली आहे. त्यामुळे वीज गेली की मशीनची स्मृती जाते. त्याची तारीखही जाते. आमचा ३८६ रोज सकाळी १ जानेवारी १९८०, मंगळवार या दिवशी जागा होतो. जोशांचा वाढदिवस रोज चार दिवसांवर आलेला असतो आणि कधीच उजाडत नाही.

मुलगा आला तेव्हा त्याने हे पाहिलं आणि काही न बोलता तीन सेल बसतील असा होल्डर घेऊन आला. बोर्डावर बाहेरची बॅटरी जोडायला चार सुया असतात, तिथे तो लावला की झालं. "एकदा आकडे भरा बाबा, मग पुन्हा भरायला नकोत." होल्डर मी टेबलाच्या खणात ठेवला आहे. लावलेला नाही. लावणारही नाही. याचं कारण मी त्याला सांगितलं नाही, इथे सांगतो.

निवृत्त माणसाला कोणी काही विचारत नाही. हे तक्रार म्हणून सांगत नाही, निदान सांगायला बसलो तेव्हा तक्रार नव्हती. डॉक्टर रिपोर्ट माझा बघतात आणि बोलतात मुलाशी. सोसायटीच्या मीटिंगला पुढच्या रांगेत बसवतात, पण ठराव आधीच टाइप झालेला असतो. नवा फोन घेतला तर जुन्यातलं सगळं त्याने परस्पर स्वतःकडे ओढून घेतलं. कोणते फोटो हवेत, कोणते नंबर माणसं गेली तरी राहू देत, एका अक्षराने विचारलं नाही. रात्री आपण झोपलेलो असताना तो स्वतःला अपडेट करतो आणि सकाळी बटणं दुसरीकडे. सगळी यंत्रं सर्वज्ञ झाली आहेत. आजची यंत्रं मला दोनच प्रश्न विचारतात. एक टीव्ही विचारतो, 'तुम्ही अजून बघताय ना?' दुसरा बँकेच्या वेबसाइटवर असतो, तिथे चौकोनात खूण करून मी रोबो नाही असं कबूल करायचं असतं. म्हणजे आहात का, आणि माणूसच आहात ना. या वयात हे दोन प्रश्न रोज विचारणं मला बरं वाटत नाही.

आणि हा ३८६. सकाळी सुरू होतो, काही म्हणता काही आठवत नाही त्याला, आणि निर्मळपणे विचारतो: सिलिंडर किती? मी सांगतो. हेड किती? सांगतो. खोटं असलं तरी विश्वास ठेवतो. मी १०२४ म्हणालो तर १०२४. मी सांगेन तेवढीच त्याची डिस्क. पाच चौकटी भरून होईपर्यंत त्याचं माझ्यावाचून खरोखर अडलेलं असतं. जोशांना वर्षातून एकदा शुभेच्छा हव्या होत्या, तेवढ्यासाठी त्यांनी देशभरची मशीनं थांबवून ठेवली. मी एकच थांबवतो, आणि तेही माझंच. तुलनेने माझी हाव कमी आहे.

असो. हे फार गंभीर होऊ लागलं आणि मुख्य प्रश्न राहिलाच. ५०४ एमबी मोकळी जागा मिळाली, आता तिच्यात ठेवायचं काय? वर्डस्टार टाकलं. लोटस टाकलं, पण जमाखर्च मांडण्याइतकी जमा नाही. एका स्लॉटमध्ये पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड आहे, ज्याच्यामुळे डॉसच्या त्या काळ्या पडद्यावर मराठी अक्षरं उमटली. ते मी कृतज्ञतेने पुसून परत बसवलं. एवढं सगळं होऊनही डिस्क जवळजवळ रिकामीच. शेवटी अत्यंत आवश्यक अशी एक फाइल मी तिच्यावर केली. फाइलचं नाव आठ अक्षरांत बसवलं आणि आत लिहिलं: टाइप ४७, सिलिंडर १०२४, हेड १६, सेक्टर ६३, जंपर नको, लाल कड पॉवरकडे. एवढ्या मोठ्या पार्टिशनवर कितीही छोटी फाइल ८,१९२ बाइट खाते, म्हणून उरलेल्या जागेत काय लिहावं याचा विचार करत बसलो होतो.

बायको चिमटा शोधत आली होती. मागे उभं राहून तिने सगळं वाचलं आणि म्हणाली, "अहो, पण हे आकडे भरल्याशिवाय डिस्क उघडत नाही ना? मग हे आकडे डिस्कवर लिहिलेत ते वाचणार कुठून?"

"उत्तम प्रश्न!" मी म्हणालो. व्यासपीठावर ज्याला उत्तर येत नाही तो वक्ता म्हणतो तसं. पण मनातून मी हरखलो होतो. निवृत्त झाल्यापासून घरात कोणी मला विचारलेला हा पहिलाच तांत्रिक प्रश्न. मी तिला खुर्ची दिली, बसायला सांगितलं आणि मूळ मुद्द्याकडे यायला म्हणून १९५६ पासून सुरुवात केली. आयबीएमच्या विसाव्या तबकडीपर्यंत तिने ऐकून घेतलं. मग किराण्याच्या यादीचा कागद उलटा केला, त्यावर तीन आकडे लिहिले आणि सेलोटेप मागितली. कॅबिनेटवर बाहेरून चिकटवलं तर शोभा जाईल असं मी म्हटलं, म्हणून झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलं.

आता झाकण उघडायचा स्क्रू ड्रायव्हर कुठे ठेवला आहे, तेवढी एक फाइल करायची राहिली आहे.